सासूबाईंचा अर्धा आटा

रविवारी सकाळी नऊ वाजता गल्लीत एक मिरवणूक निघायची. मिरवणुकीत माणसं दोनच, आणि मोटरसायकल एक. पुढे हँडल धरून सून, मागे बुटक्या स्टुलावर सासूबाई. गाडी वीतभर पुढे जायची आणि थांबायची. समोर आलेला चेनचा तुकडा सासूबाई रॉकेलच्या ब्रशने घासायच्या आणि 'हं' म्हणायच्या, की गाडी आणखी वीतभर पुढे. मग सासूबाई उठायच्या, स्टूल वीतभर सरकवायच्या आणि 'आई गं' करत पुन्हा बसायच्या.

एवढी यातायात कशासाठी, तर गाडीला डबल स्टँडच नव्हता. नुसता साइड स्टँड. म्हणजे मागचं चाक कायम जमिनीवर टेकलेलं, आणि चेन फिरवायची तर सबंध गाडी चालवत न्यायला हवी. चाकाचे पावणेतीन फेरे झाले की चेनचा एक फेरा पुरा होतो, हा शोध सासूबाईंचा. फेरा कुठे सुरू झाला ते कळावं म्हणून सुनेने एका कडीला लाल नेलपॉलिश लावून ठेवलं होतं. पहिला फेरा रॉकेलचा, दुसरा पुसायचा, तिसरा तेलाचा. नेलपॉलिश तिसऱ्यांदा वर आलं की गाडी बरोबर लॉन्ड्रीच्या दारात पोचलेली असायची. लॉन्ड्रीवाला दारातच उभा असायचा आणि दर रविवारी तेच विचारायचा, की गाडी बिघडली आहे का, धक्का देऊ का? चार वर्षं झाली तरी त्याला आपल्या विनोदाचा कंटाळा आला नव्हता.

आता हे काम सासूबाईंकडे कसं आलं? आलं कुठलं, त्यांनी ओढून घेतलं. फिती विणणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी यंत्रांना तेल घातलं होतं आणि पट्टे आवळले होते. सून घरात आली ती मोटरसायकलवर बसून, आणि तिच्या गाडीची चेन करकर वाजत होती. नव्या सुनेचं स्वागत वगैरे राहिलं बाजूला, सासूबाई आधी चेनपाशी वाकल्या. म्हणाल्या, असल्या चेनवर बसून तू आमच्या घरापर्यंत आलीस म्हणजे नशिबाचीच आहेस. सून लिफ्टची मेकॅनिक. पोलादी दोरांना टांगलेल्या माणसांची काळजी वाहणं हा तिचा रोजचा धंदा. तिला दोर, चेन आणि ताण यातलं कळत नव्हतं असं थोडंच आहे? पण ती पुढच्या रविवारी निमूटपणे हँडल धरून उभी राहिली.

खरी गंमत चेनची नव्हतीच. खरी गंमत गप्पांची. घरात या दोघींना बोलायला म्हणून जागाच नव्हती, कारण घरात चिरंजीव होते. चिरंजीव शाळेत भूगोल शिकवायचे आणि घरीही शिकवायचे. सुनेने काही विचारलं तर आईच्या वतीने उत्तर ते द्यायचे, आणि आईने काही म्हटलं तर त्याचा अर्थ बायकोला तेच समजावून सांगायचे. रविवारी नऊला मात्र ते गाढ झोपलेले असायचे. आणि गल्लीत एकीचे डोळे चेनवर, दुसरीचे समोर रस्त्यावर. एकमेकींच्या तोंडाकडे बघायचं नाही म्हटलं की माणूस पुष्कळ बोलतो.

रॉकेलच्या फेऱ्यात तक्रारी व्हायच्या, त्यातल्या निम्म्या चिरंजीवांच्या. पुसायच्या फेऱ्यात गल्लीच्या बातम्या. तेलाच्या फेऱ्यात मात्र आवाज खाली यायचे. तेलाच्याच फेऱ्यात सासूबाईंनी एकदा सांगितलं होतं, की नवरा गेल्यावर महिनाभर त्यांना रडूच आलं नाही आणि आपण माणूस म्हणून वाईट आहोत की काय अशी त्यांना भीती वाटायची. हे त्यांनी पोटच्या पोरालाही सांगितलं नव्हतं. सुनेने त्यावर गाडी वीतभर पुढे घेतली नाही, तशीच उभी राहिली. मग म्हणाली, की मलाही लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना दर वेळी भीती वाटते, आणि हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी लॉन्ड्रीच्या दारात पोचायला सव्वा तास लागला होता.

आणि शेवटी, तेल लावून झालं की, सासूबाईंचा खास सोहळा. त्या चेन खालून बोटाने उचलून बघायच्या आणि दर रविवारी त्यांचं तोंड कडू व्हायचं. चेन ढिली. गेल्या रविवारी स्वतःच्या हाताने आवळलेली चेन आठ दिवसांत पुन्हा ढिली? मग पाना घेऊन एक्सलचा नट सैल करायचा, दोन्ही बाजूंचे नट अर्धा-अर्धा आटा फिरवायचे आणि चेन ताठ करून टाकायची. कारखान्यात त्यांनी शेकडो पट्टे आवळले होते, एकही असा आठवड्यात बदलला नव्हता. त्यांनी आधी चेनला दोष दिला, मग रस्त्यांना, मग सुनेच्या चालवण्याला. गाडी उडवत नेतेस, दुसरं काय, असं त्या म्हणायच्या. सून मान खाली घालून कबूल करायची, की हो, जरा जोरातच चालवते. खरं तर सुनेइतकं सावकाश चालवणारं त्या गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. सायकलवाले तिला मागे टाकून जायचे.

असं सगळं सुखाने चाललेलं असताना एका शनिवारी सून एक भलंमोठं खोकं घेऊन आली. खोक्यातून निघाला एक लोखंडी सांगाडा. लांब दांड्याचा, वर दोन रबरी कप आणि खाली नायलॉनची चार छोटी चाकं, दोन्ही बाजूंना जोडी-जोडीने. चिरंजीवांनी लगेच समजावलं, की आई, हा रिअर स्टँड. चाकामागे सरकवायचा, कप मागच्या दांड्याखाली बसवायचे आणि हँडल खाली दाबायचं. मागचं चाक हवेत. मग हाताने फिरव किती फिरवायचं ते, गाडी जागची हलणार नाही. तुझे गुडघे वाचले.

सासूबाईंनी स्टँडकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे."

त्यांनी एखाद्या गोष्टीला नुसतं 'छान आहे' म्हटलं की घरातली जुनी माणसं सावध व्हायची. पण घरात जुनं माणूस आता त्या एकट्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी दाराबाहेरच गाडी उभी राहिली. सुनेने गाडी सरळ धरली, सासूबाईंनी स्टँड मागून सरकवला, दोन्ही कप नीट बसलेत ना ते पाहिलं आणि दांडा खाली दाबला. चाक अलगद उचललं गेलं. सुनेने पुढचा ब्रेक रबरी पट्टीने बांधून टाकला, गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना हे दोनदा पाहिलं आणि हाताने चाक फिरवलं. चाक भिरभिर फिरलं. नेलपॉलिश आलं, गेलं, पुन्हा आलं. रॉकेलच्या फेऱ्यात सासूबाईंनी चिरंजीवांच्या घोरण्याबद्दल तोंड उघडलं तोच रॉकेल संपलं. पुसायचा फेरा तर कधी झाला ते कळलंच नाही. तेलाच्या फेऱ्यात सून म्हणाली, "आई, ऑफिसात परवा..." आणि एवढ्यात नेलपॉलिश वर आलं. आवळण्यासकट सगळं अकरा मिनिटांत आटोपलं.

दोघी उठून उभ्या राहिल्या. हात पुसून झाले. गाडी दारातच होती आणि लॉन्ड्रीचं दार बावीस पावलांवर. लॉन्ड्रीवाला तिथून मान वाकडी करून बघत होता आणि बिचाऱ्याला विनोद करायला कुणी नव्हतं. सून म्हणाली, की बरं झालं ना, वेळ वाचला. सासूबाई म्हणाल्या, की हो, पुष्कळ वाचला. मग दोघी वर गेल्या. वर चिरंजीव जागे झाले होते.

परवा ऑफिसात काय झालं, हे सासूबाईंना कळलं नाही ते नाहीच.

त्यांना वाईट वाटलं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती याचं जास्त वाईट वाटलं. सुनेला कंटाळा आला असणार, त्यांनी मनात धरलं. तासभर म्हातारीचं रडगाणं ऐकायचं, कोण ऐकेल? गुडघ्यांचं नाव पुढे करून सुटका करून घेतली पोरीने. गुडघे दुखतात म्हणून कधी कुणाकडे तक्रार केली होती त्यांनी? जिना चढताना भिंत धरायच्या, पण ती भिंत काय त्यांचीच होती. आणि समजा विचारलं सुनेला तोंडावर, तर ती 'नाही हो आई' म्हणेल. 'नाही हो आई'ने काही कळत नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी दुपारी घरात कुणी नसताना सासूबाई जिन्याखाली गेल्या, स्टँडचा डावा रबरी कप पिळून काढला आणि आपल्या शिवणाच्या डब्यात बॉबिनांखाली दडवला. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कारखान्यातला सुईएवढा तुकडा घरी आणला नव्हता. आता स्वतःच्याच घरात चोरी केली आणि रात्री जेवताना उगाचच म्हणाल्या, की आजकाल रबराच्या वस्तू फार हरवतात नाही. खाई त्याला खवखवे. चिरंजीवांनी रबराचं उत्पादन कुठल्या हवामानात होतं ते सांगितलं. सून ताटात बघत राहिली.

तरी त्यांच्या जिवाला शांतता नव्हती. कप काय, दुकानात दुसरा मिळतो. कुणीतरी जाणत्या माणसाने सांगायला हवं होतं, की हा स्टँड गाडीला वाईट. म्हणून शुक्रवारी कप पर्समध्ये टाकून त्या, सून गाडी सर्व्हिसिंगला टाकायची त्या गॅरेजवर गेल्या. सून रोज त्याच रस्त्याने कामाला जायची, गॅरेज त्यांनी बसमधून पाहिलेलं होतं. मेकॅनिक एका स्कूटरखाली आडवा पडला होता. सासूबाईंनी आपण कोण ते सांगितलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं इकडचं तिकडचं बोलून त्यांनी विचारलं, की हे रिअर स्टँड म्हणे गाडीच्या मागच्या भागाला घातक असतात, खरं का?

मेकॅनिक म्हणाला, छे. नीट लावला तर त्याच्यासारखी चांगली वस्तू नाही. कुठली गाडी आहे तुमची?

सासूबाईंनी गाडी सांगितली. लाल, टाकीवर डावीकडे पोचा, लिफ्टवाल्या बाईंची आहे तशीच.

"अच्छा, ती सोमवारची गाडी!" मेकॅनिक स्कूटरखालून बाहेर आला.

सोमवारची म्हणजे? सासूबाईंनी विचारलं. आणि तो माणूस सांगायला बसला. मेकॅनिक लोकांना स्कूटरखालून बाहेर यायला निमित्तच हवं असतं. तो म्हणाला, की त्या बाई दर सोमवारी सकाळी येतात, चार वर्षं झाली, एक सोमवार चुकला नाही. चेन ढिली करून घ्यायला. त्यांच्या घरी कुणीतरी आहे, चेन अशी आवळतं की जणू तिच्यावर कपडे वाळत घालायचे आहेत. चेन अशी ताठ ठेवली तर बेअरिंगचा निकाल लागतो. मधोमध बोटाने उचलली तर दोन बोटं वर-खाली व्हायला हवी. त्याने दोन बोटं धरून दाखवली.

सासूबाईंचा चेहरा उतरला. चार वर्षं. दर रविवारी आपण तोंड कडू करून विचारलं, की आठ दिवसांत ढिली होते कशी, आणि ती मान खाली घालून म्हणाली, जोरात चालवते. एकतीस वर्षं यंत्रांत घालवलेल्या बाईला एका पोरीने चार वर्षं गुंडाळून ठेवलं होतं. त्यांना इतका राग आला, की पर्समधला कप त्यांनी घट्ट दाबून धरला.

"मग त्यांनी सांगायचं ना घरी," त्या कशाबशा म्हणाल्या.

"मीही तेच म्हटलं," मेकॅनिक म्हणाला. "तर म्हणाल्या, नको. माझ्या सासूबाई आहेत. चुकतंय म्हटलं तर त्या परत चेनला हात लावणार नाहीत. मग रविवारी माझ्याशी बोलायला कोण येईल?"

मेकॅनिक आपल्याच नादात पुढे सांगत होता, की स्टँड त्यानेच सुचवला. सासूबाई जिना चढताना भिंत धरतात, आपल्याला बघवत नाही, असं त्या बाई म्हणाल्या म्हणून. पण या सोमवारी आल्या तेव्हा तोंड एवढंसं झालेलं. म्हणाल्या, काम अकरा मिनिटांत झालं हो.

"अकरा," सासूबाई म्हणाल्या.

"हो, अकराच म्हणाल्या. तुम्हाला स्टँड हवाय का?"

नको, त्या म्हणाल्या, आमच्याकडे आहे. आणि गॅरेजमधून बाहेर पडल्या त्या बसस्टॉप ओलांडून तशाच पुढे चालत राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हसूही येत होतं, आणि बसमध्ये बसून असं काही करणं बरं दिसलं नसतं.

घरी आल्या आल्या त्यांनी कप स्टँडला बसवून टाकला. सुनेचा जीव गुडघ्यांसाठी तुटतो आहे, तर अकरा मिनिटं तर अकरा मिनिटं. बोलायचं ते चिरंजीवांसमोर बोलू. त्यांना मध्येच गप्प करायची वेळ आलीच होती, पस्तीस वर्षं झाली त्याला.

रविवारी नऊ वाजता त्या खाली उतरल्या तेव्हा सून आधीच गाडीपाशी होती. स्टँड भिंतीला टेकवून ठेवलेला. सासूबाई त्याला हात घालायला गेल्या आणि थबकल्या. दोन्ही कप जागेवर होते. पण खालची चाकं गायब होती, चारच्या चारही.

"चाकं कुठे गेली?"

सून रस्त्याकडे बघत म्हणाली, "काय की. आजकाल वस्तू फार हरवतात."

आणि तिने पायानेच काहीतरी पुढे ढकललं. ते घरंगळत आलं आणि सासूबाईंच्या पावलाशी थांबलं. त्यांचंच बुटकं स्टूल, चारही पायांना नायलॉनचं एकेक चाक लावलेलं. बोल्ट नीट कापलेले, टोकं घासून गुळगुळीत केलेली, बसायच्या जागी लिफ्टमधल्या रबरी मॅटचा तुकडा चिकटवलेला. सुनेने सांगितलं, की बसणं वाईट नाही, दर वीतभराला उठणं वाईट. आता उठायचंच नाही. पायाने रेटायचं की झालं.

सासूबाईंनी स्टुलावर बसून पाहिलं. मागे-पुढे सरकून पाहिलं. चाकं जरा वाजतात, असं म्हणाल्या. तेल लागेल त्यांना. मग ब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि म्हणाल्या, "हं. त्या दिवशी ऑफिसात काय झालं होतं?"

ऑफिसात झालं होतं असं, की खड्ड्यात उतरायची भीती वाटते हे सुनेने शेवटी वरिष्ठांना सांगून टाकलं होतं, आणि वरिष्ठ हसतील असं वाटलं होतं तर ते म्हणाले, की मलाही वाटते. हे सांगायला अर्धा फेरा लागला. सासूबाईंनी त्यातलं एकेक वाक्य परत विचारून घेतलं. वरिष्ठ बसले होते की उभे, दार बंद होतं की उघडं. पुसायच्या फेऱ्यात चिरंजीवांचं घोरणं राहिलं होतं तेही उरकलं. तेलाच्या फेऱ्यात दोघी बराच वेळ गप्पच होत्या, आणि तेही बरं वाटलं.

नेलपॉलिश तिसऱ्यांदा वर आलं. लॉन्ड्रीवाला दारात आला, धक्का देऊ का म्हणाला आणि खूश होऊन आत गेला. सासूबाईंनी पाना हातात घेतला. सुनेने नेहमीप्रमाणे मान वळवून रस्त्याकडे पाहिलं.

सासूबाईंनी चेन मधोमध खालून उचलली. चेन वर आली, खाली गेली. त्यांनी दोन बोटं शेजारी धरून मोजलं. बरोबर दोन. त्यांचा हात सवयीने नटाकडे गेला, एकतीस आणि चार अशी पस्तीस वर्षांची सवय, आणि त्यांनी तो मागे घेतला. पाना चिंधीत गुंडाळला आणि डब्यात ठेवून दिला.

सुनेने मान वळवली. "आवळायची नाही?"

"बरोबर आहे ती," सासूबाई म्हणाल्या. "आणि उद्या सरळ कामाला जा. वाटेत थांबायचं कारण नाही."

सुनेचे कान लाल झाले. तिने विचारलं, "आई, तुम्हाला कधी कळलं?"

"शुक्रवारी. किती बेअरिंग खराब केल्या मी?"

"एक. मागच्या वर्षी बदलली."

"सांगितलं नाहीस."

"नाही."

सासूबाईंनी हात पुसले. बोटं एकेक करून पुसली, नखांसकट. सून हळूच म्हणाली, की आता चेन आठवड्यात ढिली व्हायची नाही आई, दोन-दोन महिने हात लावावा लागणार नाही. दर रविवारी करायचं काय?

"तेल तर लागेल ना," सासूबाई म्हणाल्या. "मागच्या वेळी आपण फार घाईत लावलं. चल, घे पुढे."

सुनेने गाडी वीतभर पुढे घेतली. सासूबाईंनी पायाने स्टूल रेटलं. लॉन्ड्रीवाला पुन्हा दारात आला होता, पण या वेळी त्याला काही बोलायला सुचलं नाही, कारण चार वर्षांत पहिल्यांदाच गाडी त्याच्या दारावरून पुढे चालली होती.